बाबांच्या खांद्याची बंदूक

ओझबाल्टदादा बंदूक न्यायला आला तेव्हा माझी तान्ही नेझा नुकतीच दूध पिऊन झोपली होती. तिला पाळण्यात टाकून मी बाबांच्या बंदुकांच्या कारखान्यात आले.

त्याच्या वडिलांची छऱ्यांची जुनी बंदूक होती, एकावर एक दोन नळ्यांची. तिचा सांगाडा आणि दस्ता ठेवून बाबांनी तिच्यावर रायफलच्या दोन नळ्या चढवल्या होत्या. ओझबाल्टदादा वनरक्षक. जखमी रानडुक्कर अंगावर आलं की दुसरी गोळी पहिलीच्याच जागी लागायला हवी. त्यासाठी दोन नळ्यांच्या तोंडाशी पाचर घालायची, डाख देऊन ती पक्की करायची, गोळ्या मारून बघायच्या, पुन्हा डाख वितळवून पाचर केसभर सरकवायची. बंदुका घडवणाऱ्या आमच्या फेर्लाख गावात हे काम बाबांइतकं कुणाला येत नाही असं सगळे म्हणतात. पोटाच्या दुखण्यानं ते निम्मे झाले होते, तरी हे काम त्यांनी मला करू दिलं नाही. "एवढी एक माझ्या हातची जाऊ दे, पोरी."

मागच्या नेमबाजीच्या बोगद्यात शंभर पावलांवर कागद लावला. ओझबाल्टदादानं दोन्ही नळ्या झाडल्या. वरच्या नळीची गोळी दुसरीपेक्षा चार बोटं खाली.

"धरायला शिक जरा," बाबा म्हणाले. "झाडू धरल्यासारखा धरतोस."

"वीस वर्षं झाडूनंच डुकरं मारतोय का मी, गाश्परकाका?"

"दे इकडे."

बाबा बाकावर बसले, नेम धरला. दोन गोळ्या. भोकाला भोक चिकटलेलं. बाबा हसले, कितीतरी दिवसांनी. "बघ! बंदूक काय म्हणते ऐकायचं असतं, गाढवा!"

ओझबाल्टदादाही हसायला लागला होता. मी हसले नाही. धक्का बसला तेव्हा मी कागदाकडे नाही, बाबांकडे बघत होते. दोन स्वेटरांखालचा तो खांदा पडद्यासारखा मागे गेला होता आणि बंदूक वीतभर उसळली होती.

"मी मारते," मी म्हणाले.

"तू नको. अंगावर पाजतेस."

पण मी दस्ता घट्ट दाबून धरला. दुसऱ्या गोळीला डोळ्यांपुढे अंधारी आली, ब्लाउज दुधानं ओला झाला. कागदावर पुन्हा तेच, चार बोटं.

बाबा कागदाजवळ चालत गेले. परत येताना त्यांचा डावा हात उजव्या खांद्यावर होता, काही हरवलंय का चाचपावं तसा.

"तीन आठवडे मी मारतोय, ती माझ्या या वाळलेल्या खांद्यावर बसलीय," ते म्हणाले. "तुला दिसत नव्हतं?"

दिसत होतं. ते जेवत नव्हते, पण मारताना खूश असायचे.

"राहू द्या काका," ओझबाल्टदादा हळूच म्हणाला. "मी तुमच्यासारखी सैल धरायला शिकतो."

"डुक्कर थांबेल तोवर? ज्योत पेटव पोरी. याच्या खांद्यावर बसवू."

मी नळ्यांची तोंडं तापवली, डाख पातळ झाला, पाचर अंदाजानं सरकवली. थंड होऊ दिलं. ओझबाल्टदादानं मारलं. आता सहा बोटं, आणि डावीकडेही.

"किती सरकवू, बाबा?"

त्यांनी कागद मांडीवर घेतला. एका भोकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. ओठ हलले. लहानपणापासून मी बघत आले होते, ते गोळी मारायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि सरळ पाचरीला हात घालायचे. मोजमाप कधी लिहिलं नाही, कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

"धक्का मला बसला की कळतं," ते म्हणाले. "नुसत्या कागदावरनं नाही कळत गं."

"आठवून बघा ना."

"खांद्यालाच आठवायचं ते, आणि तो खांदा आता राहिला नाही."

ओझबाल्टदादा बाहेर जाऊन उभा राहिला. घरात नेझा उठून रडायला लागली. बाबांनी कागद माझ्या हातात दिला, पण सोडला नाही, आणि ते पुन्हा त्या दोन भोकांकडे बघू लागले.