थांबायची चिठ्ठी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात सगळ्यांना ते ठाऊक आहे, घरी तर आहेच, आणि माझ्या नणंदेला दोन्हीकडून ठाऊक आहे. कारण घरी ती नणंद आणि ऑफिसात हार्डवेअर विभागाची प्रमुख. तिच्यामुळेच तिच्या भावाशी माझी ओळख झाली, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे नेणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

आमच्याकडे दवाखान्यातले पंप बनतात. पेशंटच्या उशाशी स्टँडला लावलेला असतो आणि औषध थेंबाथेंबाने शिरेत सोडतो, तो पंप. नव्या पंपाच्या चिपमध्ये दोन प्रोसेसर आहेत, तेही दोन वेगळ्या जातींचे. थोरला हुशार. पडदा दाखवणं, नर्सने कुठलं बटण दाबलं ते समजून घेणं, हे त्याचं काम. धाकटा साधाभोळा, वीजही जेमतेम खाणारा. त्याने फक्त मोटर फिरवायची. एकाच्या आज्ञा दुसऱ्याला कळत नाहीत, दोघांची भाषाच निराळी.

आता चिप आखून ती कारखान्यातून हातात पडायला चार-पाच वर्षं जातात. तोवर सॉफ्टवेअरवाल्यांनी काय माश्या मारत बसायचं? म्हणून मी सिम्युलेटर लिहिला. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा थोरला, एक खोटा धाकटा, खोटी मोटर आणि खोटी बटणं. दोघांच्या आज्ञा माझा प्रोग्राम दुभाष्यासारखा कॉम्प्युटरला समजावून सांगतो. चार वर्षं मी हे पोर सांभाळलंय, आणि त्याला कुणी नावं ठेवली की मला झोंबतं.

नावं ठेवणारी मुख्यतः नणंदच. तिच्या प्रयोगशाळेत तीन महिन्यांपूर्वी चिपचा नमुना बोर्ड आला होता, खऱ्या चिपसारखाच चालणारा पण आतली रचना बदलता येणारा, आणि आमच्याकडे एक रीत आहे: बोर्डाचं आणि सिम्युलेटरचं जमलं नाही, तर चूक सिम्युलेटरची. तीनदा तसं झालं, तिन्ही वेळा चूक माझीच निघाली, आणि तिन्ही वेळा मी मान खाली घालून सही केली.

मंगळवारी डबा खाताना ती म्हणाली, "तुझ्या खोट्या पंपात सगळं कसं शिस्तीत असतं. खऱ्या जगात कुणी आपली पाळी येईपर्यंत थांबतं का गं?"

ती थट्टाच करत होती. पण मला लागलं, कारण ते खरं होतं. एकच कॉम्प्युटर दोघांची सोंगं वठवतो, म्हणजे आळीपाळीनेच. थोरल्याच्या हजार आज्ञा, मग धाकट्याच्या हजार, पुन्हा थोरला. या धंद्यातले सगळेच असं करतात. खऱ्या चिपमध्ये मात्र दोघं एकाच वेळी धावणार, कोण कुणाला भेटेल त्याचा नेम नाही. मी डबा अर्धा टाकून जागेवर आले आणि रागाच्या भरात ती शिस्त मोडून टाकली. आता पाळी कुणाची आणि किती लांब, ते दर वेळी फासे टाकल्यासारखं ठरणार. चाळीस हजार वेळा चालव म्हणून सांगितलं आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी चाळीस हजारांत एक ओळ लाल होती. थोरल्याने धाकट्याला 'थांब' सांगितलं होतं, आणि धाकटा थांबला नव्हता.

एकदा घडलेली गोष्ट सिम्युलेटरमध्ये जशीच्या तशी हवी तितक्या वेळा पुन्हा घडवता येते, हे एक त्याचं भलं. दुपारपर्यंत उलगडा झाला. थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलतात ते चिपमध्येच कोरलेल्या एका डब्यातून. थोरला डब्यात चिठ्ठी टाकतो, धाकटा ती वाचतो, मग डबा रिकामा करतो. धाकट्याने 'वेग वाढव' ही चिठ्ठी वाचली, आणि तो डबा रिकामा करणार तेवढ्यात थोरल्याने 'थांब' टाकलं. धाकट्याने डबा झाडून मोकळा केला, न वाचलेली चिठ्ठीही केरात गेली.

माझ्याकडे हे कधी दिसलं नव्हतं, कारण माझा धाकटा नेहमी पाळीच्या सुरुवातीलाच जागा व्हायचा. वाचणं आणि झाडणं एका दमात उरकायचा, थोरल्याला मध्ये शिरायला फटच नसायची. ती शिस्त पंपाची नव्हती, मी लावलेली होती. नऊशे चाचण्या पास झाल्याच्या अहवालावर सही माझी होती, आणि शुक्रवारी चिपचा नकाशा कारखान्यात जाणार होता. एकदा गेला की डबा बदलता येणार नव्हता.

खोटं कशाला बोलू, एक तासभर मनात आलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळीस हजारांत एकदा. त्यातही पुन्हा सिम्युलेटरच चुकला असं निघालं, तर हात दाखवून अवलक्षण, आणि त्यानंतर माझ्या शब्दाला कोण विचारणार? मग गेल्या वर्षीचे ते आठ दिवस आठवले. सासूबाईंचं ऑपरेशन झालं होतं आणि नणंद त्यांच्या उशाशी बसून होती. नजर पंपावर, आणि तोंडाने त्याच्या आत काय काय असतं त्याचं व्याख्यान चालू. शेवटी सासूबाई म्हणाल्या की बाई, त्याला काम करू दे आणि तूही जरा गप्प बस. तो जुना, एकाच प्रोसेसरचा पंप होता. नवा त्याच्या जागी जाणार होता, तशाच कुणाच्या तरी उशाशी.

मी उठले आणि नणंदेकडे गेले. व्हायचं तेच झालं. बोर्ड तीन महिने अडखळल्याशिवाय चाललाय, ती म्हणाली, तुझाच दुभाष्या कुठेतरी चुकला असेल. मी म्हटलं, बोर्ड नशिबाने चाललाय. नशीब हा शब्द तिच्या प्रयोगशाळेत काढायला नको होता. तिने मला दार दाखवलं. नवऱ्याने संध्याकाळी दोघींचे चेहरे बघितले आणि काही न विचारता भांडी घासायला घेतली. शहाणा माणूस आहे.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा गेले, या वेळी तोंड बंद ठेवून, हातात एक कागद घेऊन. त्यावर धाकट्याची ती नेमकी आज्ञा लिहिली होती, वाचून झालं आणि झाडायचं बाकी आहे तिथली. धाकट्याला इथे क्षणभर रोखून धरा, थोरल्याला चिठ्ठी टाकू द्या आणि सोडा, एवढंच मागणं होतं. ती म्हणाली, हे ओढूनताणून आणलेलं आहे. मी म्हटलं, हो, आज ओढून आणलंय. हजार पंप वर्षभर चालले की आपल्या पायांनी येईल. तिने चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि तारा स्वतःच्या हाताने जोडल्या.

नळीचं टोक काचेच्या ग्लासात सोडलेलं होतं. तिने थांबवायचं बटण दाबलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: पंप थांबला आहे. ग्लासात थेंब पडत राहिले.

पडदा थांबला म्हणत होता आणि पाणी पडत होतं. मग तिने वाकून प्लग उपटला.

"आईच्या उशाशी हा असता तर मी पडदा बघून निर्धास्त झोपले असते," ती म्हणाली.

मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. सांगून टाकलं की ताई, हे चार वर्षांत केव्हाही दिसलं असतं. पाळ्या मी नेमल्या होत्या, म्हणून दिसलं नाही. सगळ्या हिरव्या खुणा माझ्या शिस्तीच्या होत्या, पंपाच्या नव्हत्या. तिने टेबलावरचा फडका माझ्या हातात दिला. सोल्डरिंगचा वास येत होता त्याला, पण नाक पुसलं.

शुक्रवारी नकाशा गेला नाही. साहेब कुरकुरले, आणि तीन आठवडे कुरकुरतच होते. नणंदेने डबा बदलला: धाकटा आता वाचलेलीच चिठ्ठी काढतो, दुसरी आली असेल तर ती तशीच राहते. नवा डबा आधी पाळ्यांची शिस्त मोडलेल्या माझ्या सिम्युलेटरमध्ये आला. दोन लाख वेळा चालवला, एकही ओळ लाल नाही. मग बोर्डावर तोच कागद, तीच आज्ञा. या वेळी बटण तिने मला दाबायला लावलं. थेंब थांबले, आणि आम्ही दोघी खुळ्यासारख्या त्या ग्लासाकडे बघत हसत राहिलो.

राहिला होता दोषाचा फॉर्म. तो नकाशाबरोबर जातो आणि साहेबांपासून कारखान्यापर्यंत सगळे वाचतात. 'दोष कुणी शोधला' या रकान्यात तिने माझं नाव लिहिलं. त्याखाली रकाना होता, 'आधी का सापडला नाही'. मी पेनसाठी हात पुढे केला, कारण काय लिहायचं ते तीन आठवडे पाठ करून ठेवलं होतं. तिने पेन दिलं नाही. स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहिलं: 'एकीने पाळ्या लावल्या. दुसरीला त्या लावल्याचं माहीत होतं, तिने फक्त थट्टा केली.' त्याखाली सही ठोकली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

एरवी माझ्या तोंडाला कुलूप कुणाला घालता आलेलं नाही. त्या दिवशी मी गुपचूप तिच्या सहीशेजारी सही केली, आणि आम्ही चहाला गेलो.