हिरवी खूण

सकाळी साडेदहाला केतकीच्या फोनवर डॉक्टर मंदारचा आवाज तुटत तुटत आला. झरी जामणीच्या जंगलातल्या त्या दवाखान्यात पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय रेंज मिळत नाही. तो टाकीवर उभा होता.

"मॅडम, तुमच्या यादीत सर्पदंशाच्या लसीपुढं हिरवी खूण आहे. माझा फ्रीज रिकामा आहे. आणि खाली साप चावलेली सहा वर्षांची पोर आहे."

औषधांची खोकी यवतमाळच्या गोदामातून निघाली की कुठं पोचली, हे दाखवणारी यंत्रणा केतकीनंच बांधलेली; हिरवी खूण म्हणजे माल पोचला. तीच यादी पाहून पोरीला मंदारच्या दवाखान्यात आणलं होतं.

"दुसरीकडं हलवा ना!"

"तिला सोडून गेलेली गाडी परत यायलाच दीड तास. तुमचा माणूस कुठं आहे, तेवढं सांगा."

नकाशावर खोकी नेणाऱ्या देवीलालचा ठिपका पांढरकवड्याला थिजला होता. पुढं रेंज नाही, म्हणून सगळे ड्रायव्हर तिथल्याच टपरीवर खोकी स्कॅन करून 'पोचली' करत. केतकीला ठाऊक होतं. पहिल्या महिन्यात अर्धी यादी लाल दिसली, साहेब रोज विचारू लागले, तेव्हा तिनंच सांगितलं होतं, "देवीलालदादा, पांढरकवड्यालाच स्कॅन करत जा."

आर्णीकडच्या तांड्यातला देवीलाल हसला होता. "आमच्या आज्यानं बैलांवर मीठ वाह्यलं, ताई. समोरच्याच्या हाती गोणी देल्याबिगर पोचली म्हने नाही तो. तुमच्या फोनले लय घाई!"

तिनं देवीलालला अकरा वेळा फोन लावला. संपर्काच्या बाहेर. मग मंदारचाच पुन्हा आला.

"नाव काय तिचं?" केतकीनं विचारलं.

"रंजिता. आईच्या पदराला गाठी मारत बसली होती. आता बोटं उचलत नाहीत."

केतकीची लेक आभा याच वेळी पाळणाघरात पेज खात असेल, हनुवटीवर ओघळ आणून. केतकीनं पदर नसलेल्या आपल्या कुडत्याचं टोक मुठीत धरलं.

एक वाजून दहा मिनिटांनी देवीलालचा फोन आला, टाकीवरून. धाप लागलेली.

"नाला भरला होता, ताई. मोटार तिथंच टाकली. खोकं डोक्यावर घेऊन पयतच आलो."

"पोरगी?"

खालून एका बाईचा आवाज वर येत होता. शब्द नव्हते त्यात.

"झाकलं तिले," देवीलाल म्हणाला. "खोकं डॉक्टरच्या हाती देलं. आता खरं पोचलं, म्हनून स्कॅन करून पाह्यलं. तर फोन काय म्हनते, वाचून दाखवू?"

"नको, दादा."

ते वाक्य तिनंच लिहिलं होतं. 'हा माल आधीच पोचला आहे.'