घंटा होईपर्यंत

डॉक्टरांनी ध्यान सांगितलं होतं ऋताला. हे आधी नीट ध्यानात घ्या, कारण मुलुंडच्या त्या घरात नंतर सगळे तेच विसरले. एकटी वसुधा विसरली नव्हती. म्हणूनच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि गेले दोन महिने ती खाली उतरायचं नाव घेत नव्हती.

झालं होतं असं. ऋता ही वसुधाची एकुलती एक मुलगी. सीएच्या शेवटच्या परीक्षेला तीनदा बसली आणि तिन्ही वेळा आपटली. तिसऱ्या निकालानंतर पोरीला घास गिळवेना. बसल्या जागी छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे. वसुधा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. गोळी लिहून दिली आणि ऋताला म्हणाल्या, "रोज थोडा वेळ शांत बसायचं. डोळे मिटायचे आणि नुसतं आपल्या श्वासाकडे बघायचं. जमेल तेवढंच हं. नाही जमलं तर उठायचं, उद्या परत बसायचं. सवय लागली की धडधड कमी होईल." बस्स, एवढंच. यात कोणाला काही चुकवता येईल असं वाटतं का?

वसुधाने घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं आणि तिथेच तिने माती खाल्ली.

विद्याधरला बँकेतून रिटायर होऊन वर्ष झालं होतं. आयुष्यभर ब्रँच हाताखाली होती, आणि आता हाताखाली कोण, तर बायको, मुलगी आणि घरकामाला येणाऱ्या शांताबाई. हुकूम सोडायला काहीतरी हवंच होतं. त्याने दोन दिवस यूट्यूबवर ध्यानाचे व्हिडिओ पाहिले, तीन आसनं मागवली आणि हॉलमध्ये उभं राहून जाहीर केलं, "उद्यापासून सकाळी सातला सगळ्यांनी बसायचं. वीस मिनिटं. घंटा होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. आभाळ कोसळलं तरी!"

"अहो, डॉक्टर म्हणाल्या जमेल तेवढंच," वसुधा म्हणाली.

"जमेल तेवढं करूनच ही वेळ आली आहे तिच्यावर!"

ऋता मान खाली घालून नखं कुरतडत होती.

घंटा म्हणजे देवघरातली, वसुधाच्या सासूबाईंची पितळी घंटा. मोबाईलचा गजर चालणार नव्हता, कारण मोबाईल हेच म्हणे अशांतीचं मूळ. मग वीस मिनिटं झाली हे बघायचं कोणी? वसुधाने! बापलेकीने डोळे मिटायचे आणि हिने घंटा मांडीवर घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसायचं. ध्यान सगळ्या घराचं आणि वॉचमनची ड्युटी हिची. "मलाही दोन मिनिटं डोळे मिटू द्या की," असं ती एकदा म्हणाली, तर हा म्हणतो, "वसू, व्यवस्था सांभाळणं हीसुद्धा साधनाच आहे." वा रे वा! लग्न झाल्यापासून तीच साधना चालली होती की. मग एव्हाना मोक्ष मिळायला हवा होता तिला.

त्या वीस मिनिटांत कुकर लावायचा नाही, शिट्टीने एकाग्रता मोडते. नळ सोडायचा नाही. एकदा शांताबाई जरा लवकर आल्या आणि त्यांनी बेल दाबली. विद्याधर जागचा हलला नाही, नियम म्हणजे नियम. पण घंटा झाल्या झाल्या त्याने दार उघडून त्यांना असं झापलं की समोरच्या ब्लॉकचं दार किलकिलं झालं. शांताबाई भांडी घासताना वसुधाला हळूच म्हणाल्या, "वहिनी, साहेब डोळे मिटलेले असले की बरे वाटतात. उघडले की भ्या वाटतं."

वसुधाला हसू आलं आणि लगेच संतापही आला. जे कामवालीला दोन दिवसांत कळलं ते या माणसाला कोणी सांगायचं?

बाहेर मात्र साहेबांचा काय थाट! ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर रोज सकाळी याचा मेसेज जायचा. 'आमच्या घरात ध्यानाने क्रांती', 'शांती बाजारात मिळत नाही' आणि असलंच काय काय. खाली हात जोडलेली चित्रं. संघाने त्याला भाषणाला बोलावलं, विषय 'कुटुंब आणि मनःशांती'. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्या भाषणात त्याने हेही सांगून टाकलं की मुलगी येत्या परीक्षेला बसते आहे आणि आता तिचं मन असं एकाग्र झालंय की काही विचारू नका.

कोणी विचारलंच नव्हतं. ऋतालाही नाही.

त्या संध्याकाळी मेथी निवडताना ऋता म्हणाली, "आई, मी नाही बसणार परीक्षेला." वसुधाने मान वर केली. पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते. "मला पुन्हा त्या हॉलमध्ये पाठवू नका गं. काहीतरी होईल मला. खरंच होईल." जुडी तिने अशी धरली होती की पानांचा लगदा झाला होता. वसुधाने तिच्या हातातून ती सोडवून घेतली आणि म्हणाली, "नाही बसायचं. मी बोलते बाबांशी."

बोलते म्हणे! बोलायला समोरच्याचे कान तर उघडे हवेत. रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला, तर विद्याधरने घास खाली ठेवला, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला. "समता, वसू. समता." दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा तेच. "अहो, पोरगी घाबरली आहे, तिचं ऐका जरा," असं ती पोटतिडकीने सांगतेय आणि हा सोफ्यावर ताठ बसून, डोळे मिटून मंद हसतोय. त्या हसण्याने तर तिच्या डोक्यात सणक गेली. पूर्वी निदान भांडायचा तरी. भांडणात एखादा शब्द कानात शिरायचा. आता याने पापण्यांचं शटर ओढायला शिकून घेतलं होतं. हव्या त्या वेळी दुकान बंद!

आणि मग तो शनिवार उजाडला.

सातला तिघं बसले. थोड्या वेळाने वसुधाला ऋताचा श्वास ऐकू आला. भरभर, वरच्यावर, पळून आल्यासारखा. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि उठायला म्हणून एक हात जमिनीवर टेकला. विद्याधरने आवाजावरून ओळखलं. बोलायचं नाही ना, मग त्याने डोळे न उघडता जमिनीवर तळहाताची थाप मारली. थाड! ऋता दचकली आणि होती तशी खाली बसली. चोवीस वर्षांची मुलगी, पण शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखी बसली.

वसुधाने ताडकन घंटा वाजवली.

"अजून वेळ आहे," घड्याळ बघून विद्याधर खेकसला. "आधी का वाजवलीस?"

"तिला त्रास होतोय, दिसत नाही?"

"डोळे मिटलेले असताना कसं दिसणार? आणि त्रास होतो तेव्हाच बसायचं असतं. पळपुटेपणाने काही साध्य होत नाही. उद्या घंटा होईपर्यंत कोणी हललं तर बघा."

ऋता बेसिनपाशी ओकत होती. वसुधा तिची पाठ चोळत होती आणि मनात नवऱ्याला असं काही बोलत होती की ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडाने अहो-जाहो, मनात अरे-तुरे, हे तिचं जुनंच होतं. पण त्या सकाळी मनातलं तोंडात यायला फार काही उरलं नव्हतं. उद्या घंटा होईपर्यंत, म्हणाला ना? बरं. बघतेच.

रविवारी सातला तिघं पुन्हा बसले. वसुधाने घंटा घेतली, तिचा लोलक मुठीत घट्ट धरला आणि घड्याळाकडे पाठ करून बसली. बाहेर सोसायटीचा पंप सुरू होता. वरच्या ब्लॉकमधून कोणाच्या तरी मिक्सरचा आवाज येत होता. विद्याधरचा चेहरा तृप्त होता, मनातल्या मनात आजचा मेसेज जुळवत असणार.

"ऋता," वसुधा म्हणाली, "आता बोल."

विद्याधरच्या कपाळाला आठी पडली. "वसू, मौन."

"घंटा झालेली नाही," वसुधा म्हणाली. "बोलायचं नाही, हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. आभाळ कोसळलं तरी. नियम तुमचा आहे. तोडा आणि सांगा आज ग्रुपवर."

त्याने डोळे आणखी घट्ट मिटले. अडकला होता बिचारा. बिचारा कसला! आपणच खणलेल्या खड्ड्यात पडला होता.

ऋता घाबरून आईकडे बघत होती. "आई, नको."

"बोल गं. आज ते कुठे जात नाहीत."

ऋताचा आवाज फुटला तो इतका बारीक की वसुधाला पुढे वाकावं लागलं.

"बाबा, तुम्ही म्हणालात ना, मी अभ्यास केला नाही म्हणून नापास झाले? तिसऱ्या वेळी मी काही लिहिलंच नव्हतं. घाटकोपरच्या सेंटरवर पेपर हातात आला आणि अक्षरं पळायला लागली. दिसेचना काही. मी नंबर लिहिला आणि बसून राहिले. पूर्ण वेळ. हलायचं नाही, बोलायचं नाही. घंटा होईपर्यंत."

वसुधाच्या हातातली घंटा घामाने ओली झाली होती. पोरीने हे तिलाही सांगितलं नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच हातून, रोज सकाळी आपण हिला पुन्हा त्या हॉलमध्ये बसवत होतो, हे कळल्यावर तिला नवऱ्याचा आला तेवढाच स्वतःचाही संताप आला.

"बाहेर आले तर तुम्ही गेटवर शहाळं घेऊन उभे होतात," ऋता म्हणाली. "स्ट्रॉ लावून. कसा गेला विचारलंत. मी बरा म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तिथेच ओरडला असतात, सगळ्यांसमोर. म्हणून बरा म्हटलं."

पंप बंद झाला. विद्याधरचा श्वास आता स्पष्ट ऐकू येत होता, आणि तो वाढत चालला होता. वसुधाने पाहिलं, ऋताचे खांदे आपोआप वर चढले, मान आत गेली.

"डॉक्टर म्हणाल्या, श्वासाकडे बघायचं," ऋता म्हणाली. "मी रोज बघते, बाबा. पण माझ्या नाही, तुमच्या. जोरात झाला की कळतं, आता ओरडणार. लहानपणापासून तेवढंच येतं मला. आत्तासुद्धा तेच बघतेय."

विद्याधरने श्वास धरला. अक्षरशः धरला, जणू सोडला तर चोरी पकडली जाईल. मग तो हळूहळू, तुटक तुटक बाहेर आला. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी निघालं आणि दाढीच्या खुंटांत अडकलं. पुसायला हात हलवता येत नव्हता.

"वसू," तो म्हणाला. आवाज पार चिरकला होता. "घंटा वाजव."

"नाही."

"वाजव गं. पाया पडतो तुझ्या."

"डोळे उघडायला घंटा कशाला लागते हो तुम्हाला?" वसुधा म्हणाली. "मुलगी समोर बसली आहे. उघडा की!"

त्याने डोळे उघडले. लाल झालेल्या डोळ्यांनी त्याने ऋताकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. माफी असेल, उपदेशही असेल. या माणसाचा काय भरवसा! पण ऋताचे डोळे मिटलेले होते. खांदे खाली आले होते, हात मांडीवर सैल पडले होते, आणि छाती सावकाश वर जात होती, सावकाश खाली येत होती. बोलून टाकल्यावर जे उरलं होतं ते ती एकटीच बघत होती.

वसुधाने ओठांवर बोट ठेवलं. विद्याधरने तोंड मिटलं.

ती उठली, घंटा देवघरात नेऊन ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर चढवला. राग गेला नव्हता तिचा, इतक्यात जाणारही नव्हता. परीक्षेचं अजून नीट बोलायचं होतं, शांताबाईंची माफी मागायला लावायची होती, यादी मोठी होती. ती दारात उभी राहून हॉलकडे बघत राहिली. याने आत्ता एक शब्द जरी काढला असता, तर उलथणं हातातच होतं.

कुकरची शिट्टी झाली. चांगली कान फाडणारी. विद्याधर दचकला, सवयीने त्याचा तळहात वर गेला, आणि ऋताकडे बघून तो त्याने हळूच आपल्या मांडीवर ठेवला.

ऋता हलली नाही.