पाळण्याजवळचा उपास

मित्रांनो, माझ्या दोऱ्या केव्हाच कुजल्या, त्यामुळे आज तुम्ही मला पाहिलेत तर एखादी उघडी पेटी समजाल. पण मी एक जुना सागवानी पाळणा आहे. जबलपुरात घमापूरच्या एका घरात पाच मुले माझ्यात निजून मोठी झाली.

मला अंबादासने घडवले. तो मूळचा वर्ध्याकडचा सुतार. तोफगाड्यांच्या कारखान्यात काम मिळाले म्हणून तो आई नर्मदाबाई आणि बायको इंदू यांना घेऊन इकडे आला. इंदूला दिवस गेले तेव्हा त्याने सिहोऱ्याच्या बाजारातून सागाच्या फळ्या आणल्या. दर सुटीला तो अंगणात रंधा घेऊन बसे. माझ्या कडा त्याने इतक्या गुळगुळीत केल्या की नर्मदाबाई म्हणाल्या, "लेकराले पाळणा करून राहिला का राजाले पलंग?" माझे पहिले कौतुक ते.

आषाढात जया जन्मली आणि माझ्या कामाला सुरुवात झाली. मग भाद्रपदात हरतालिका आली.

या दिवशी बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास करतात. शेजारची हिंदी मंडळी त्याला तीजा म्हणत. काही घरी फळे चालतात, पण नर्मदाबाईंकडची रीत कडक होती. अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. इंदूने लग्नापासून ती रीत पाळली होती. पण त्या वर्षी तिच्या अंगावर दूध पिणारे मूल होते.

सकाळ बरी गेली. पाऊस उघडला होता आणि हवा कोंदली होती. नर्मदेच्या ग्वारीघाटाहून आणलेल्या वाळूची महादेवाची पिंड मांडून इंदूने पूजा केली. मग तिने सगळ्यांचा स्वयंपाक केला. दुपार होता होता जया रडू लागली. इंदूने तिला जवळ घेतले. जया थोडे चोखी, सोडी आणि पुन्हा रडे. इंदूने तिला माझ्यात ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. ते रडणे माझ्या फळ्याफळ्यांतून फिरत होते. मला हात नव्हते. मी नुसता हलत राहिलो.

अंबादास जेवायला घरी आला. ताट वाढलेले होते.

"काहून रडून राहिली हे?" त्याने विचारले.

"दूध नाही उतरून राहिलं," इंदू हळूच म्हणाली.

"मग पाणी पे ना तू."

इंदूने मान हलवली. "तुमच्या आयुष्याचं व्रत आहे. ते मोडून पाणी कसं पिऊ मी?"

अंबादासने आईकडे पाहिले. नर्मदाबाई वाती वळत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. "आम्हीबी लेकरं अंगावर असताना केला उपास," त्या म्हणाल्या. "मोडायची गोष्ट नाही ते."

नेमके तेव्हाच विष्णुपंत गुरुजी हरतालिकेची कहाणी सांगायला आले. अंबादास ताटावरून उठला आणि त्याने सरळ विचारले, "गुरुजी, एकाचं व्रत दुसऱ्यानं केलं तर चालते का?"

"चालतं," विष्णुपंत म्हणाले. "करणारा आजारी असला, अशक्त असला, तर घरचं माणूस पुढं करतं. बायको नवऱ्याचं करते, नवराही बायकोचं करू शकतो. करत मात्र कोणी नाही."

"मग हे मी करतो. उद्या या वेळेपर्यंत."

विष्णुपंत थोडे हसले. "अरे, स्वतःच्याच आयुष्यासाठी?"

"तिचं व्रत पुरं व्हावं म्हणून," अंबादास म्हणाला.

गुरुजींनी त्याच्या हातावर पाणी सोडून संकल्प करवला. त्याने भरलेले ताट झाकले आणि तांब्या इंदूच्या हाती दिला. ती दोन घोट प्यायली आणि थांबली. तो म्हणाला, "सगळं पे." तिन्हीसांजेच्या आत जयाचे पोट भरले आणि ती माझ्यात गाढ झोपली.

संध्याकाळी अंबादास कारखान्यातून परतला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. दुपारभर करवत चालवून भुसा अंगभर बसला होता. तो माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला आणि मला झोका देऊ लागला. मग तो म्हणाला, "दरसाल तू असं राहून वरून सैपाकबी करत होती?"

"तुम्हाला भूक लागे ना," इंदू म्हणाली.



दुसरा दिवस गणेश चतुर्थीचा. घरात मोदकांचा वास भरला होता. अंबादासचे डोके दुखत होते, जीभ टाळूला चिकटत होती. उठताना त्याने माझी कड घट्ट धरली. ते नर्मदाबाईंनी पाहिले. त्या आत गेल्या आणि पेला भरून घेऊन आल्या.

"पे बाबू. हे बस झालं."

"अजून वेळ आहे, माय."

नर्मदाबाई पेला घेऊन तशाच खाली बसल्या. "तू पाळण्यात होता तवा माझंबी दूध आटलं होतं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या बाईनं पाजलं तुले. तुझ्या बापाले मी सांगितलं नाही, आन् त्यानं विचारलंबी नाही."

इंदू उठली आणि सासूजवळ जाऊन बसली. दुपारी वेळ भरली तेव्हा नर्मदाबाईंनी आपल्या हाताने मुलाला पाणी पाजले, एकेक घोट, लहान मुलाला पाजावे तसे.

पुढच्या वर्षी जया चालू लागली होती, पण अजून अंगावर पीत होती. हरतालिकेच्या सकाळी इंदू पूजेला बसण्याआधी नर्मदाबाईंनी पाण्याचा तांब्या भरून माझ्याशेजारी ठेवला. "आधी पाणी पे, मग पूजा कर," त्या म्हणाल्या. "महादेवाले मी सांगून ठेवलं आहे."

त्यानंतर माझ्यात आणखी चार मुले निजली. मग मुले मोठी झाली, घरात लोखंडी खाटा आल्या आणि मला माळ्यावर चढवले. आता माझ्यात जुनी घोंगडी आणि एक फुटका कंदील आहे. त्याचे मला फार वाईट वाटत नाही. लाकूड आहे, जुने होणारच.

पण मित्रांनो, एक मागणे आहे. तुमच्या घरी कोणा बाईचा उपास असेल, तर त्या दिवशी ताटावर बसण्याआधी तिच्याजवळ जा. तिला तहान लागली आहे का, एवढे विचारा. ती नाही म्हणेल. तरी पुन्हा एकदा विचारा.