दगडाक्काचा कुकर

"कुकर आला नि माझी डाळ सुपारी झाली," ओट्यावर जेवायला बसलेले भिमाजी ताटाकडे बघत पुटपुटले. "उरलंसुरलं दात तेवढं ऱ्हाऊ द्या म्हनावं."

दारातून आत शिरणाऱ्या छबूबाईने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखा पदर सारखा केला. शेजारच्या दगडाबाईकडे हा कुकर तिच्याच सल्ल्याने आला होता. पुणतांब्याच्या त्या आळीतली कुठलीही बाई कोपरगावच्या बाजाराला छबूबाईशिवाय जात नसे. घागर घ्यायची तर ती टिचकी मारून कान लावायची, स्टो घ्यायचा तर टाकीच्या बुडाला नाक लावायची, आणि दुकानदाराने भाव सांगितला की अशी हसायची, की तो बिचारा आपणहून खाली यायचा. शिवाय आळीतला पहिला कुकर तिचाच. पुण्याला नोकरीत असलेल्या तिच्या लेकाने, श्रीमंतने, दिवाळीला आणून दिलेला.

तो तिने एकदाच चुलीवर चढवला होता. आतून फुसफुस सुरू झाली तशी ती जी परसात पळाली, ती चूल विझून थंड होईस्तोवर आत आली नाही. तेव्हापासून त्यात पापड होते. ही गोष्ट आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, असं ती धरून चालली होती.

आत दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. सून मुक्ता स्टोपुढे मान खाली घालून बसलेली.

"आता तूच बघ छबू. वाफ समदी कडंनं जाती, शिट्टी काय वाजत न्हाई. खाली करपतं, वर कच्चं. तुझी पारख कदी चुकायची न्हाई, तवा खोट हाय ती ह्या पोरीच्या हातात. उद्या आमचा आसाराम नेऊन घालतोय बायकोला माहेरी. सैपाक शिकली की आनू."

कधी आणू, ते दगडाबाईने सांगितलं नाही. माहेरी धाडलेली सून परत आणायचं धाडणाऱ्याच्या मर्जीवर असतं, हे तिथल्या तिघींनाही माहीत होतं.

छबूबाई स्टोजवळ टेकली. मुक्ताने झाकण बसवलं. ते डुगडुगलं. थोड्या वेळाने कडेकडेने वाफेच्या पिचकाऱ्या सुटू लागल्या, आणि त्या कडेकडे बघताना छबूबाईला आपलीच नखं आठवली.

कुकर आला त्या दिवशी पहिला शिजवायचा तो देवाचा निवद. झाकणाच्या आत बसवलेलं काळं रबर बघून दगडाबाईने विचारलं होतं, हे काय गं?

"चपलेला असतंय तसलंच. दनके बसू नयेत म्हनून घालत्यात दुकानवाले. देवाच्या निवदाला शिवाया नगं," असं म्हणत छबूबाईने ते नखांनी उचकटून काढलं होतं.

मुक्ता तेव्हा हळूच म्हणाली होती, "पर मावशी, माझ्या भनीकडं तर—"

"तुझ्या भनीकडं देव न्हाईत का?"

जमलेल्या बायका किती हसल्या होत्या!

छबूबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एक वाक्य बोललं की झालं. ते वाक्य अगदी ओठांशी आलं.

"आच लई मोठी करती ही," ती म्हणाली.

मुक्ताने मुकाट्याने स्टोची हवा कमी केली. "व्हय मावशी. माझंच चुकतं."

आवाजात ना राग, ना रडू. घरी आलेल्या पाहुणीला पाण्याचा तांब्या द्यावा, तसं तिने ते सांगितलं. छबूबाईला त्या पोरीकडे बघवेना. ती पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. उठून घरी जावं तर पाय उठेनात, बसावं तर समोर तो कुकर फुसफुसतोय.

हात धुवायला आलेले भिमाजी चौकटीत थांबले.

"सूनबाई, ते काळं कडं कुठं हाय?"

"फडताळात ठिवलंय, मामा," मुक्ता पुटपुटली.

"मंग बसीव की झाकनात."

दगडाबाईने नवऱ्याकडे डोळे वटारले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "गप बसा की वं! छबूला काय वाटंल?"

छबूबाईने वर बघितलं. दगडाबाई पटकन भिंतीकडे वळून फळीवरची भांडी उगीच नीट लावू लागली.

"ह्या पोरीला काय वाटत आसंल, ते कुनी बगायचं?" भिमाजी म्हणाले. एरवी मेहुणी म्हणून छबूबाईची थट्टा करणाऱ्या त्या माणसाच्या आवाजात आता थट्टा नव्हती. ते तिच्याकडे वळले.

"छबू, आपल्या दोन घरांत भिंत एकच हाय गं. तुझ्या कुकरची शिट्टी आमी कदी ऐकलीच न्हाई."