वरची ओंजळ

विमान कंपनीच्या चंद्रशेखर साहेबांनी नागपूरहून गाडीत घालून परत आणलेली मिरचीची पाच खोकी गुलनाजनं एकेक करून काट्यावर ठेवली. पहिलं भरलं पाच किलो तीनशे दहा ग्रॅम. तिनं ते उतरवलं, रिकामा काटा शून्यावर येतो की नाही ते पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. आकडा तोच. बाकीची चारही त्याच्याच आगेमागे, वीस ग्रॅमच्या आत. पुठ्ठ्याचं वजन काट्यातून आधीच वजा केलेलं होतं. प्रत्येक खोक्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, निव्वळ पाच किलो. शिवाय दोन दिवसांत मिरचीतलं थोडं पाणी उडालं असणार, म्हणजे मुळात भरलं होतं ते याहूनही जास्त.

"पटलं आता?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रात्रभर न झोपलेल्या माणसासारखे ते शेडच्या दारातल्या खुर्चीत बसले होते, मांडीवर एक छापील कागद घेऊन.

धामणगाव बढ्याच्या बाहेरचं हे शेड कादरभाईंचं, म्हणजे गुलनाजच्या वडिलांचं. पूर्वी यात छतापर्यंत कापूस असायचा. मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. ज्या बीटी बियाण्याला अळी शिवणार नाही असं सांगितलं होतं, त्याचीच बोंडं आतून पोखरलेली निघाली आणि शेड रिकामं पडलं. गुलनाज तेव्हा बुलढाण्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, भौतिकशास्त्र घेऊन. पेपरात तिनं वाचलं की 'क्षितिज' नावाची नवी विमान कंपनी नागपूरहून थेट लंडनला उडणार आहे. कंपनीकडे विमान एकच, तेही भाड्याचं. एवढ्या लांबच्या फेरीचा खर्च नुसत्या प्रवाशांवर निघत नाही, विमानाच्या पोटात माल लागतो, हे तिनं शोधून काढलं आणि कंपनीला पत्र लिहिलं की आमच्याकडे मिरची आहे. मिरची तेव्हा नव्हती. उत्तर आल्यावर सव्वीस शेतकऱ्यांनी तिच्या शब्दावर फेब्रुवारीत विहिरीच्या पाण्यावर लावली.

मे महिन्यात पहिला तोडा झाला. सातशे वीस खोकी ट्रकनं गेली आणि विमानात चढलीच नाहीत. तपासणीला ठेवलेली ही पाच सोडून बाकीची नागपूरच्या बाजारात मिळेल त्या भावानं विकावी लागली. आणि आता साहेब स्वतः हा कागद घेऊन आले होते. त्यात लिहिलं होतं की आम्ही जाणूनबुजून कमी वजन दाखवलं, त्यामुळे विमानाचा माल उतरवावा लागला. सही केली की करार संपेल, पण प्रकरण तिथंच मिटेल. नाही केली तर मालाच्या खोट्या वजनाची तक्रार होईल आणि मग कुठलीच विमान कंपनी धामणगावचं खोकं हातात घेणार नाही.

गुलनाजला सहीपेक्षा तो आकडा खुपत होता. चोरी करणारा माणूस एका खोक्यात शंभर ग्रॅम मारतो, दुसऱ्यात पाचशे. पाचही खोक्यांत सारखेच तीनशे, म्हणजे कुणाचा तरी हात दर वेळी एकच गोष्ट करत होता. तिनं साहेबांना दहा मिनिटं मागितली आणि भरणीच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली. दुसऱ्या तोड्याची मिरची भरणं चालूच होतं. बायका खोकं भरत, काट्यावर बरोबर पाच किलो करत आणि पुढं सरकवत. शेवटी बसलेल्या तानाबाई झाकण लावत. झाकण लावण्याआधी त्यांचा हात बाजूच्या टोपल्यात जाई, ओंजळभर मिरची वर येई, खोक्यात पडे आणि मग झाकण बसे.

पहिल्या दिवशी गुलनाज स्वतः काट्याशी बसली होती. काट्यानंतर काय होतं, ते तिनं पाहिलंच नव्हतं.

"काकू, हे काऊन टाकता?"

तानाबाईंना प्रश्नच समजला नाही. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "टाकाच लागते ना माय. बाजारात माल गेला की पाहनारा मूठभर उचलते, अडत्याचा मानूस नमुना म्हनून उचलते. घेनाऱ्याले कमी भरलं तं नाव कोनाचं जाईन? म्हनून म्या आंधीच वरून टाकतो."

"लंडनले कोण उचलते?"

"तिकडं मानसं नाईत का?"

बायका हसल्या. कादरभाई मात्र हसले नाहीत. तीस वर्षं त्यांच्याच अडतीवर प्रत्येक ढिगातून ती मूठ उचलली गेली होती. ते उगाचच सुतळीचं बंडल इकडून तिकडं ठेवू लागले.

गुलनाजनं मनात गुणाकार केला. सातशे वीस गुणिले तीनशे, दोनशे सोळा किलो. तिनं जाऊन साहेबांना सगळं होतं तसं सांगितलं. वजनाच्या तक्त्यावर सही माझी आहे, शेवटचं वजन मी केलं नाही, चूक माझी आहे. पण ही चोरी नाही. पैसे खोक्यामागे मिळतात, वरची मिरची आम्ही फुकट दिली. पदरचं देऊन कुणी चोरी करतं का?

साहेब ओशाळले, पण कागद त्यांनी मांडीवरून हलवला नाही. विमानाला हेतू कळत नाही, वजन कळतं, असं ते म्हणाले. ते खरंच होतं आणि गुलनाजनं मान्यही केलं. मग तिनं तिचा प्रश्न काढला. हा प्रश्न तिनं कंपनीला महिन्यापूर्वी मेलनं विचारला होता आणि त्याचं उत्तर आलं नव्हतं.

"सर, दुपारी दोनचं उड्डाण तुम्ही किती तापमान धरून ठरवलं होतं?"

साहेबांनी मांडीवरचा कागद सरळ केला.

"हवा तापली की विरळ होते. पंखाला तेवढा उठाव मिळत नाही, इंजिनाचा जोरही कमी होतो. तीच धावपट्टी, तेच विमान, पण कमी वजन उचलतं. मंगळवारी नागपूरला चव्वेचाळीस होतं. तुमच्या हिशेबात किती होतं?"

"अडतीस," साहेब शेवटी म्हणाले. "सरासरी."

"आणि अंशामागे किती वजन कमी करावं लागतं?"

"आमच्या विमानाला चारशे किलो. साधारण."

सहा अंशांचे दोन हजार चारशे. धामणगावचा माल होता तीन हजार सहाशे, कागदावरच्या वजनानं. म्हणजे वजन काटेकोर असतं तरी दोन तृतीयांश खोकी उतरलीच असती. एक तृतीयांश मात्र गेली असती. तेवढी तानाबाईंच्या ओंजळीनं आणि गुलनाजच्या दुर्लक्षानं घालवली, कारण चुकीचं वजन निघाल्यावर पुन्हा मोजायला वेळ नव्हता. हे ती मोठ्यानं बोलली, दोन्ही भाग, एकही न लपवता.

मग साहेबांनीही मन मोकळं केलं. पहाटेच्या, सकाळच्या थंड वेळा जुन्या कंपन्यांकडे होत्या. नव्या कंपनीला उरलेली दुपार मिळाली, कारण लंडनला उतरायची वेळही मागून मिळत नाही. एकच विमान, ते तासभर अडकलं तर परतीची फेरी कोलमडते. पैसा घातलेले लोक रोज विचारतात की पहिल्याच फेरीत माल का गेला नाही. त्यांना दाखवायला काहीतरी हवं.

आतापर्यंत खोक्यांच्या थप्पीला टेकून उभे असलेले पंजाबराव तेव्हा बोलले. सव्वीसांतली सगळ्यात मोठी लागवड त्यांची होती.

"साहेब, बोंडअळीच्या सालीबी असाच एक कागद आला होता. कापूस बियान्यापायी नाई, आमच्या पेरनीच्या पद्धतीपायी गेला म्हने. म्या सही केली. वाटलं, शिकलेली मानसं हायेत, खरं असन." त्यांनी साहेबांच्या कागदाकडे बोट केलं. "ह्या बारीले नाई."

गुलनाजनं साहेबांच्या हातातून कागद घेतला. जाणूनबुजून हा शब्द तिनं एका सरळ रेषेनं खोडला. खाली लिहिलं : जास्तीचे वजन दोनशे सोळा किलो, ही आमची चूक. शेवटचे वजन झाकण लावल्यानंतर केले नाही. उरलेला माल चव्वेचाळीस अंश तापमानामुळे उतरवावा लागला असता, हिशेब मागे जोडला आहे. मागच्या कोऱ्या बाजूला तिनं पूर्ण हिशेब मांडला, एककांसह, आणि सही केली. पंजाबरावांनीही केली. तानाबाईंनी टेबलावरून उठून येऊन आपलं नाव लिहिलं, सावकाश, रेष न सोडता.

"हे वर चालणार नाही," साहेब म्हणाले.

"मग तक्रार करा. हाच कागद जोडून करा."

त्यानंतर तिनं काटा उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तानाबाईंच्या पलीकडे नेऊन ठेवला. ओंजळ बंद करा असं कादरभाईंनी सुचवून पाहिलं होतं. तानाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते परत सुतळीकडे वळले. आता खोकं भरायचं, ओंजळ पडायची, झाकण लागायचं आणि मग वजन. जे भरेल तेच खोक्यावर लिहायचं. पाच किलो तीनशे वीस. पाच किलो दोनशे नव्वद.

संध्याकाळी सहाला ट्रक लागला. गुलनाजनं मोजून फक्त दोनशे वीस खोकी चढवली. एकूण अकराशे सत्तर किलो, चव्वेचाळीस अंशांतही उचलता येतील एवढीच. उरलेली मिरची गावच्या बाजाराला लावायची, हे शेतकऱ्यांनी आपसांत बोलून ठरवलं. नाही उडालेल्या सातशेपेक्षा उडालेली सव्वादोनशे बरी, असं पंजाबराव म्हणाले.

साहेब गाडीपाशी उभे होते. कागद त्यांनी घडी घालून वरच्या खिशात ठेवला होता.

"तुमचा करार थांबवलेला आहे," ते म्हणाले. "हा माल घ्यायची परवानगी माझ्याकडे नाही."

"उड्डाण उद्या दुपारी दोनला आहे ना?"

"हो."

"ट्रक पहाटे पोचेल. परवानगी काढायला तुमच्याकडे सकाळ आहे."

"आणि नाही मिळाली तर? गुलनाज मॅडम, दिवाळीपर्यंत आमची कंपनी तरी राहील का, मला माहीत नाही."

"मग दिवाळीपर्यंत पाठवू," ती म्हणाली. "त्यानंतर दुसरीला विचारू की अडतीस धरता की चव्वेचाळीस."

तिनं वजनाचा तक्ता ट्रकवाल्याच्या हाती दिला, एक प्रत साहेबांना दिली आणि ट्रकच्या दारावर थाप मारली. मागच्या फळीवरून तानाबाईंनी एक पिशवी आत सरकवली. ड्रायव्हरसाठी, ओंजळभर मिरची. गुलनाजनं ट्रक थांबवला, पिशवी काढून काट्यावर ठेवली, तीनशे ग्रॅम लिहून घेतले आणि परत दिली.

ट्रक मोताळ्याच्या रस्त्याला लागला. थोडा वेळ थांबून साहेबांनीही गाडी त्याच्याच मागं घातली. खिडकीतून त्यांचा हात दिसत होता, कानाशी फोन धरलेला.