छबूबाईच्या वतीनं

छबूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा कुंडलिक चुलीपुढं भाकरी थापत होता. दवाखान्यातून दिग्विजय, त्यांचा मुलगा, एवढंच म्हणाला, "आबा, आई गेली." तेवढ्यात शेजारची कुशाबाई दारात आली. कुंडलिकनं आधी पिठाची परात पोत्याआड सरकवली. रडू नंतर आलं.

शेळगावच्या त्या घरात सहा महिने भाकरी तोच करत होता. छबूबाईचं वय एकाहत्तर. पोटात कॅन्सरची गाठ, हातापायांत बळ नाही, मोरीत दोनदा पडलेली. तिची आंघोळ, वेणी, सगळं तोच करायचा, पण दार लावून. गावात कुणाला पत्ता नव्हता. इंदापुरात नोकरी करणाऱ्या दिग्विजयलाही नाही.

बारामतीच्या दवाखान्यात केमो सुरू करायच्या आधी नर्सनं छबूबाईला खुर्चीवर बसवलं होतं. म्हातारं माणूस औषध किती सोसेल ते बघून डोस ठरवायचा, म्हणून काही प्रश्न होते.

"आजी, घरात स्वयंपाक कोण करतं?"

छबूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. चारचौघांत त्याच्याआधी ती कधी बोलली नव्हती. मागच्या बाकावर वरकुट्याचा गेणबा बसला होता. कारखान्याच्या सभांमधला जुना सोबती, जिभेचा तिखट.

"तीच करती की," कुंडलिक म्हणाला.

"आंघोळ?"

"तिची तीच."

"सहा महिन्यांत कधी पडल्या?"

"न्हाय बा. अजून वैरणीचा भारा आणती."

गेणबा मागनं हसला. "कुंडलिकराव, वहिनी दुखण्यात भारा आणत्यात, आन् तुमी बाजंवर लोळताय व्हय?"

"मग! नशीब लागतं त्याला."

नर्स छबूबाईकडं वळली. "आजी, खरं का?"

"व्हय," ती म्हणाली. नवऱ्याला लोकांत खोटं पाडणं तिच्या जिवावर आलं.

नर्सनं तिला उठून चालायला सांगितलं. "गाडीत पाय आखडल्यात तिचं," म्हणत कुंडलिकनंच हाताला धरून तिला उठवलं आणि चार पावलं चालवलं.

डोस पूर्ण मिळाला. नवव्या दिवशी ताप भरला, अकराव्या दिवशी ती गेली.

दहाव्याला माणसं जमली तेव्हा दिग्विजयचा आवाज चढला होता. "पिकल्या माणसाला एवढा डोस देत्यात का? त्या नर्सला मी सोडत न्हाय. आबा, तुमी तितं होता. तिनं नीट इचारलं तरी हुतं का?"

खरं काय ते कुंडलिकच्या ओठांवर आलं होतं. पण समोर गेणबा मांडी घालून बसला होता.

"आठवत न्हाय," तो म्हणाला.

तेरावं होऊन चार दिवस झाले. दिग्विजयनं दवाखान्यात तक्रारीचा अर्ज दिला आहे, त्यात नर्सचं नाव आहे. तिनं सगळं विचारलं होतं आणि खोटं आपण बोललो, हे कुंडलिकनं अजून कुणालाही सांगितलेलं नाही.